ओपन वॉटर झालं, ९ डाइव्ह झाल्या. आता पुढचा कोर्स की नुसत्या डाइव्ह?

जललहरी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर हा पहिला कोर्स होऊन दोन महिने झाले. कोर्समधल्या ४ आणि नंतर गाईडबरोबर केलेल्या ५, अशा ९ डाइव्ह लॉगबुकात आहेत. कार्ड हातात पडलं त्याच दिवशी पुढचा रस्ता आखून मिळाला: लगेच अ‍ॅडव्हान्स्ड, त्याला जोडून नायट्रॉक्स (टाकीत जास्त ऑक्सिजनचं मिश्रण वापरायचा), मग रेस्क्यू (दुसऱ्याला वाचवायचा), आणि मन लागलं तर वर्षभरात डाइव्हमास्टर (इतरांना घेऊन उतरायचा). "आत्ता हात बसलाय तोवर करून टाका," असं सांगितलं गेलं.

माझी अडचण अशी की हात बसलाय असं मला वाटतच नाही. शेवटच्या डाइव्हचं सांगते. ५ मीटरवर सेफ्टी स्टॉपला, म्हणजे वर येण्याआधीच्या तीन मिनिटांच्या थांब्याला, थांबलो होतो, टाकीच्या गेजवर ६० बार. पहिलं मिनिट ठीक गेलं. मग मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरकडे पाहिलं तर खोली ४.२, लगेच ३.६. जाकिटातली हवा सोडायची म्हणून इन्फ्लेटर (ती भरायची-सोडायची नळी) हातात घेतला आणि घाईत फुगवायचंच बटण दाबलं. पुढच्या क्षणी डोकं पाण्याबाहेर. डाइव्ह १२ मीटरची होती, त्यामुळे काही झालं नाही. पण बोटीवर चढल्यावर माझे हात थरथरत होते, आणि मी वर गेलेय हे बडीच्या (पाण्यातल्या जोडीदाराच्या) लक्षातही उशिरा आलं.

आता मला दोन सल्ले मिळतायत. एक म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड कर, इन्स्ट्रक्टर सोबत असेल, आपोआप सुधारशील. दुसरा म्हणजे कोर्सच्या मागे लागू नकोस, पन्नास डाइव्ह मार आणि मग बघ. दोन्ही मनापासून दिलेले आहेत, म्हणून जास्तच गोंधळ उडालाय. तुम्ही काय केलंत? आणि आज पुन्हा सुरुवात करायची झाली तर काय कराल?

मुंगी

वाचतेय. माझ्या ११ डाइव्ह झाल्यात आणि अगदी हाच प्रश्न पडलाय. अनुभवी लोकांनी सविस्तर लिहा, प्लीज.

लाटेखाली

मी पहिल्या सल्ल्याप्रमाणे वागले, म्हणून लिहिते.

ओपन वॉटर संपलं त्याच आठवड्यात अ‍ॅडव्हान्स्ड केलं. नियमाची आडकाठी काहीच नव्हती, पॅडीत (हे कोर्स आणि कार्ड देणारी संस्था) दोन्हींच्या मध्ये अमुक इतक्या डाइव्ह हव्यात अशी अटच नाही. अ‍ॅडव्हान्स्ड म्हणजे ५ डाइव्ह. त्यात एक खोल आणि एक नॅव्हिगेशनची सक्तीची, बाकी ३ आपल्या आवडीच्या. नवव्या डाइव्हला माझ्याकडे ३० मीटरपर्यंत जायचं कार्ड होतं. त्यानंतर नायट्रॉक्स, रेस्क्यू आणि एकेक स्पेशालिटी. डाइव्हमास्टरला सुरुवात करायला ४० डाइव्ह लागतात आणि पूर्ण करायला ६०. मी बरोबर ६० वर पूर्ण केला.

मग एका डाइव्हला चार पाहुण्यांना घेऊन उतरायची वेळ आली. दृश्यमानता वाईट, जेमतेम ५ मीटर. प्रवाह अचानक फिरला. पुढे जायचं, परतायचं, की सगळ्यांना जागीच वर न्यायचं, हे ठरवायचं होतं आणि ठरवणारी मी होते. तेव्हा लख्ख कळलं की त्या ६० डाइव्हमध्ये असा निर्णय मी एकदाही घेतलेला नव्हता. कधी इन्स्ट्रक्टर पुढे, कधी गाईड पुढे, नाहीतर पाटीवर लिहिलेला क्रम. मी सगळ्यांना वर घेतलं आणि डाइव्ह तिथेच संपवली. ते बरोबरच होतं. पण ते मला सुचलं कारण भीती वाटली. समजलं होतं असं म्हणता येणार नाही.

त्यानंतर सहा महिने एकही कोर्स घेतला नाही. एकाच ठिकाणी, एकाच बडीबरोबर, साध्या १५ मीटरच्या डाइव्ह करत राहिले. मला डायव्हर म्हणून जे काही येतं ते त्या सहा महिन्यांत आलं.

खोलवर

जललहरी, कोर्स की डाइव्ह हे नंतर बघू. आधी तीन गोष्टी सांगा. वेट बेल्टला किती शिसं लावता? सूट किती जाडीचा? आणि ते वजन कुणी ठरवलं?

जललहरी

@खोलवर, ९ किलो. सूट ३ मिलिमीटरचा, भाड्याचा. टाकी अ‍ॅल्युमिनियमची. वजन कोर्सच्या पहिल्या दिवशी दिलं होतं, तेव्हापासून तेच सांगते. माझं स्वतःचं वजन ५८ किलो आहे.

@लाटेखाली, इतक्या मोकळेपणाने लिहिलंत, मनापासून आभार.

खोलवर

मला वाटलंच होतं. ३ मिलिमीटरच्या सुटाला आणि तुमच्या अंगयष्टीला ९ किलो फार झाले. नवशिक्यांना कोर्समध्ये जास्त शिसं देतात, कारण गुडघे टेकून तळाशी बसवलं की शिकवणं सोपं जातं. कोर्स संपतो, पण ते शिसं कमरेला तसंच राहतं. तुमचा सेफ्टी स्टॉप बहुधा त्यामुळेच हुकला. वजन जास्त असताना माणूस वर कसा जाईल, असं वाटेल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समजा तुम्हाला खरी गरज ५ किलोची आहे. मग ४ किलो फुकटचे. ते तोलून धरायला बीसीडीत (हवा भरायच्या जाकिटात) सुमारे ४ लिटर हवा जास्तीची भरावी लागते, कारण एक लिटर पाणी बाजूला सारलं की साधारण एक किलोचा उठाव मिळतो. ही हवा गप्प बसत नाही. पृष्ठभागावर दाब १ बार, १० मीटरला २, ५ मीटरला दीड. १० मीटरवर जी हवा ४ लिटर होती ती ५ मीटरवर येईपर्यंत ५.३ लिटर होते. म्हणजे तुम्ही काहीही न करता सव्वा किलोहून जास्त उठाव वाढला. ५ वरून ३.६ ला सरकलात की त्यातली आणखी हवा फुगते, तुम्ही आणखी वर, ती आणखी फुगते. जितका मोठा बुडबुडा पाठीवर, तितकं हे चक्र जोरात फिरतं. शिसं बरोबर असेल तर सेफ्टी स्टॉपला बीसीडी जवळजवळ रिकामी असते आणि तोल नुसत्या श्वासावर सांभाळता येतो.

उलटी शक्यताही तपासून बघा. टाकीतल्या हवेला वजन असतं. १२ लिटरची टाकी २०० बारला भरली की आत २४०० लिटर हवा, तिचं वजन जवळपास ३ किलो. डाइव्हच्या शेवटी त्यातले दोन-सव्वादोन किलो तुम्ही श्वासातून सोडून दिलेले असतात. म्हणून सुरुवातीला ठीक वाटणारं वजन शेवटी कमीही पडू शकतं. तुमच्या बाबतीत तसं वाटत नाही, पण अंदाजावर राहू नका.

तपासायची पद्धत अशी: डाइव्ह संपली, टाकीत ५० बार उरले, बडी शेजारी आहे, पाणी शांत आहे. रेग्युलेटर तोंडात ठेवूनच बीसीडी पूर्ण रिकामी करा, पाय हलवू नका, नेहमीसारखा श्वास घेऊन धरा. पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं. श्वास सोडला की सावकाश बुडायला हवं. दगडासारखं खाली गेलात तर एक किलो काढा, पुढच्या डाइव्हला परत बघा. एका दिवसात ४ किलो काढू नका.

याला कोर्स लागत नाही. पण कुणीतरी हे सांगावं लागतं, आणि तुम्हाला ते ९ डाइव्हमध्ये कुणी सांगितलं नाही याचं मला वाईट वाटतं.

मुंगी

खोलवर, हा प्रतिसाद सेव्ह करून ठेवला. मला ८ किलो देतात!

कासव

मी बारा वर्षं शिकवतोय, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो.

आधी मान्य करण्यासारखं ते मान्य करतो. अ‍ॅडव्हान्स्ड हे नाव दिशाभूल करतं. ती पाच वेगवेगळ्या प्रकारांची तोंडओळख आहे, प्रत्येक प्रकाराची एकच डाइव्ह. एका डाइव्हमध्ये नॅव्हिगेशन येत नाही. तो कोर्स केला म्हणून माणूस प्रगत होत नाही, आणि तसं कुणी सांगत असेल तर ते चूक आहे. मी स्वतः विद्यार्थ्यांना म्हणतो, कार्ड घेऊन जा, पंधरा-वीस डाइव्ह करा, लॉगबुक घेऊन या, मग बोलू. काही परततात, काही परतत नाहीत. परत आलेल्यांना शिकवताना जो आनंद होतो तो वेगळाच, कारण ते प्रश्न घेऊन आलेले असतात.

पण 'नुसत्या डाइव्ह मारा' हा सल्लाही मला पटत नाही. डाइव्ह मोजताना आपण फसतो. गाईडच्या फिनकडे बघत केलेल्या वीस डाइव्ह म्हणजे एकच डाइव्ह वीस वेळा. उतरायची जागा गाईडने ठरवली, दिशा गाईडने धरली, किती हवा उरली की वळायचं तेही त्यानेच सांगितलं. आपण फक्त सोबत होतो. लॉगबुकात खोली आणि वेळ लिहितात, त्याखाली आणखी एक ओळ लिहीत जा: आज मी कोणता निर्णय घेतला? ती ओळ पाच डाइव्ह सलग कोरी राहिली तर आकडा वाढला तरी अनुभव वाढलेला नाही.

थोडा इतिहासही सांगतो, कारण हा वाद जुना आहे. ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब १९५३ साली सुरू झाला. तिथे क्लबचे जुने सभासद नव्यांना शिकवायचे आणि कोर्स संपला तरी नवा माणूस त्यांच्याबरोबरच पाण्यात जात राहायचा. शिकणं आणि डाइव्ह करणं यांत भिंत नव्हती. पॅडी १९६६ साली आली. छोटे छोटे कोर्स, एकावर एक रचत जायचे, जगात कुठेही चालणारं कार्ड. त्यामुळे लाखो लोकांना पाण्याखाली जाता आलं, ही मोठी गोष्ट आहे. पण त्यात मधला जुना-जाणता सोबती हरवला. ती जागा आता नवशिक्याला स्वतःच भरावी लागते, आणि आपण इथे ज्यावर बोलतोय ती अडचण माझ्या मते तिथूनच आली.

सागरगोटा

कासव यांना अनुमोदन, आणि माझा स्वतःचा दाखला.

मी कोर्सविरोधी होतो. ओपन वॉटरनंतर ८० डाइव्ह केल्या, सगळ्या मित्रांबरोबर. स्वतः ठरवायचो, स्वतः नकाशा काढायचो, त्यामुळे कासव म्हणतात तशा निर्णयाच्या डाइव्ह भरपूर झाल्या. मला वाटायचं आता आपल्याला येतंय. मग एका इन्स्ट्रक्टरबरोबर बॉयन्सीचं एक सत्र केलं आणि त्याने माझा व्हिडिओ काढला.

तो व्हिडिओ मला अजून आठवतो. मी आडवा पोहतोय असं मला ८० डाइव्ह वाटत आलं होतं. प्रत्यक्षात डोकं वर, पाय खाली, अंग ४५ अंशांत तिरकं. दर दोन-तीन सेकंदांनी दोन्ही हात पाणी चापत होते. प्रत्येक किकबरोबर फिनच्या टोकाने वाळू उसळत होती आणि मागून येणाऱ्या मित्राभोवती ढग होत होता. त्या मित्राने ८० डाइव्ह माझ्यामागे त्या ढगातून पोहत काढल्या आणि एकदाही बोलला नाही, कारण त्यालाही वाटायचं की हे असंच असतं.

शिसं पोटावरून काढून थोडं टाकीच्या पट्ट्यावर वर सरकवलं, पाय गुडघ्यात वाकवून फ्रॉग किक (बेडकासारखे पाय मारणं) शिकलो, हात पुढे गुंफून ठेवले. दोन दिवसांत फरक पडला. पण जुनी सवय मोडायला पुढचे चाळीस डाइव्ह लागले. हेच पंधराव्या डाइव्हला कुणी दाखवलं असतं तर मोडायला फार काही नसतंच.

म्हणून मला वाटतं, सराव कराच, पण मधूनमधून कुणाच्या तरी जाणत्या नजरेखाली करा. चुकीची गोष्टही सरावाने अंगवळणी पडते.

जललहरी

@कासव, तुमचा प्रतिसाद वाचून लॉगबुक उघडलं. नंतरच्या ५ डाइव्हमध्ये मी घेतलेला निर्णय शोधला. एकही नाही. कधी वळायचं हेसुद्धा मला गाईडच्या हातवाऱ्यावरून कळत होतं.

एक प्रश्न राहतो. ३० मीटरचं कार्ड असलेलं बरं नाही का? चांगल्या जागा बऱ्याचदा माझ्या कार्डाच्या १८ मीटरच्या मर्यादेखाली असतात, आणि कार्ड नाही म्हणून बोटीवर थांबावं लागतं. दोनदा असं झालंय.

खोलवर

समजू शकतो, बोटीवर थांबणं जिवावर येतं. तरी आधी कागद-पेन्सिल घ्या. हे गणित प्रत्येकाने स्वतःच्या आकड्यांनी एकदा तरी करावं.

तुमचा हवेचा खर्च काढा. समजा १० मीटरवर १० मिनिटं सपाट पोहलात आणि १२ लिटरच्या टाकीतले ४० बार गेले. ४० गुणिले १२ म्हणजे ४८० लिटर. भागिले १० मिनिटं, भागिले २ बार दाब. आले २४ लिटर मिनिटाला. नवशिक्याचा हा अगदी सर्वसाधारण आकडा आहे. हवा पुरवून वापरणारे १२ ते १५ च्या आसपास असतात.

आता ३० मीटर. दाब ४ बार, म्हणजे तुमचे २४ लिटर तिथे मिनिटाला ९६ होतात. आणि समजा तिथेच बडीची हवा संपली. आता दोघं एका टाकीवर. घाबरलेला माणूस ३० लिटर तरी ओढतो, दोघांचे मिळून ६०. सावरायला २ मिनिटं: ६० गुणिले ४ गुणिले २, म्हणजे ४८०. मिनिटाला ९ मीटरच्या वेगाने ५ मीटरपर्यंत यायला जवळजवळ ३ मिनिटं, सरासरी दाब पावणेतीन बार, म्हणजे ४९० च्या आसपास. सेफ्टी स्टॉप ३ मिनिटं: २७०. शेवटचे ५ मीटर: आणखी ५० धरा. बेरीज १२९० लिटर. १२ लिटरच्या टाकीत ते जवळजवळ ११० बार झाले.

म्हणजे ३० मीटरवर असताना गेज ११० दाखवेल तेव्हा वर निघायचंच. २०० भरून उतरलात तर खाली वापरायला ९० बार, १०८० लिटर. मिनिटाला ९६ ने ती ११ मिनिटं, आणि त्यातच उतरायचा वेळही आला. '५० बार ठेवून बोटीवर या' हे वाक्य आपण सगळे ऐकतो, पण ते ३० मीटरवरून दोघांना घेऊन वर येण्याबद्दल काहीच सांगत नाही.

हे मी भीती घालायला लिहीत नाही. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या संशोधकांनी १९९२ ते २००३ मधल्या डायव्हिंगमधल्या मृत्यूंचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. ज्या घटनांमध्ये सुरुवात कशाने झाली हे सापडलं, त्यांतल्या ४१ टक्क्यांत श्वासाची हवा अपुरी पडली होती. उपकरणांच्या अडचणी १५ टक्के. आपण रेग्युलेटर चांगला की वाईट यावर तासन्‌तास बोलतो, आणि गेज बघायचं राहून जातं.

माझं मत: ३० मीटरचा कोर्स जरूर करा, पण तुमचा आकडा २४ वरून १७-१८ वर आल्यावर. तेव्हा इन्स्ट्रक्टर जे दाखवेल ते बघायला तुमच्याकडे डोकं आणि हवा दोन्ही शिल्लक असेल.

शंखशिंपला

नायट्रॉक्सबद्दल थोडक्यात. उपयोगी कोर्स आहे, कमी वेळेचा आहे, मी रोज वापरतो. पण तो देतो काय, तर नायट्रोजन कमी, त्यामुळे थांबे न घेता खाली राहायचा वेळ जास्त. पॅडीच्या तक्त्यात १८ मीटरला हवेवर ५६ मिनिटं मिळतात, नायट्रॉक्स ३२ वर (३२ टक्के ऑक्सिजन) ९५. आता खोलवर यांचा आकडा लावा. मिनिटाला २४ लिटरने १८ मीटरवर ६७ लिटर लागतात. २०० पासून ५० बारपर्यंतचे १८०० लिटर २७ मिनिटांत संपले. ५६ च्या जवळही आपण जात नाही, मग ९५ घेऊन काय करायचं? एका दिवसात तीन-चार डाइव्ह करणार असाल तर गोष्ट वेगळी.

आणि त्याची खोलीची मर्यादा विसरू नका. ३२ ला ऑक्सिजनचा दाब जास्तीत जास्त १.४ बार धरला तर ३३ मीटरच्या थोडं पुढे थांबायचं. हवेपेक्षा नायट्रॉक्सने खोल जाता येतं असं समजणारे मला भेटलेत. अगदी उलट आहे.

लाटेखाली

एका कोर्सबद्दल मात्र आग्रहाने लिहिते. रेस्क्यू. मी केलेल्या सगळ्या कोर्सपैकी तोच एक मी आणखी लवकर करायला हवा होता.

तोपर्यंत डाइव्ह म्हणजे माझी हवा, माझी खोली, माझा मास्क. रेस्क्यूमध्ये पहिल्यांदा दुसऱ्या माणसाकडे बघायला शिकले. उतरायच्या आधी बोलका माणूस अचानक गप्प झाला, कुणी मास्क सारखा काढतोय-घालतोय, कुणाचे बुडबुडे दाट आणि भरभर येतायत. अपघात पाण्यात होतो, पण त्याची सुरुवात बऱ्याचदा बोटीवर दिसलेली असते. जललहरी, तुम्ही वर गेल्याचं बडीला उशिरा कळलं, ते वाचून मला हेच आठवलं.

कासव

@लाटेखाली, शंभर टक्के. फक्त त्याआधी स्वतःचा तोल हवा. ज्याला स्वतःला ५ मीटरवर थांबता येत नाही तो बेशुद्ध माणसाला घेऊन सावकाश वर येऊ शकत नाही. रेस्क्यूला आलेले काही विद्यार्थी अख्खा कोर्स स्वतःला सावरण्यातच घालवतात, आणि बघायचं ते राहून जातं.

बडीचा मुद्दा निघालाच आहे तर: दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधायचं, जागीच गोल फिरून, वर-खाली बघून, आणि नाही दिसला तर वर यायचं. हे दोघांनी उतरायच्या आधी एकमेकांना मोठ्याने सांगायचं. सगळ्यांना पाठ असतं, पण सांगत कुणी नाही.

रेतीघड्याळ

मी फार लिहीत नाही, पण सरावाचा प्रश्न आहे म्हणून. आम्ही दोघं बडी प्रत्येक डाइव्हची शेवटची दहा मिनिटं सरावाला ठेवतो. ६ मीटरवर, वाळूच्या वर, प्रवाळापासून लांब. एकजण मास्क काढून परत घालतो, दुसरा फक्त त्याची खोली बघतो. अर्ध्या मीटरपेक्षा वर-खाली गेला तर परत. मग पर्यायी रेग्युलेटर देऊन-घेऊन तसंच वर येणं. पहिल्या वेळी मास्क काढला तेव्हा मी दोन मीटर वर गेलो होतो, कारण नाकात पाणी गेलं की माणूस छाती भरून श्वास घेतो आणि धरून ठेवतो. मोठ्या श्वासाचे ते एक-दोन लिटर पुरेसे असतात. श्वासाचा परिणाम दिसायला तीन-चार सेकंद लागतात, तेवढं थांबायला शिकण्यातच माझे पंधरा डाइव्ह गेले.

गुडघे टेकून मास्क काढता येणं आणि तरंगताना काढता येणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

सागरगोटा

रेतीघड्याळ, हे फार चांगलं सांगितलंत. यात एक भर: शेवटी एकदा सिग्नलचा फुगा (बोटीला आपली जागा दाखवणारा) सोडायचा सरावही करा. ६ मीटरवर रीळ हातात घेऊन. तो फुगा सोडताना तोल सुटला तर तुम्हालाच घेऊन वर जातो, म्हणून आधी कुणाकडून तरी नीट शिकून घ्या.

जललहरी

तीन महिन्यांनी परत आलेय. मधल्या काळात गप्प होते कारण लिहिण्यासारखं काही हातात हवं होतं.

अ‍ॅडव्हान्स्ड केलं नाही. एक बडी मिळाली, माझ्यासारखीच नवीन, १४ डाइव्ह झालेली. तिचाही पुढच्या कोर्सचा अर्ज भरायचा राहिला होता. आम्ही एकच उथळ जागा ठरवली, जास्तीत जास्त १४ मीटर, आणि तिथेच १६ डाइव्ह केल्या. पहिल्या दोनला एक अनुभवी डायव्हर सोबत आला, त्याने मागे राहून फक्त बघितलं आणि वर आल्यावर सांगितलं. मधे बॉयन्सीचं एक सत्र इन्स्ट्रक्टरकडे घेतलं, व्हिडिओसकट. सागरगोटा, माझेही हात चालत होते, आणि मलाही ते माहीत नव्हतं.

शिसं ९ वरून ८, ७, ६ असं उतरवत ५ वर आलंय. प्रत्येक वेळी ५० बारवर तपासून. ६ ला असताना एका डाइव्हला पहिल्यांदा बीसीडीला हात न लावता सेफ्टी स्टॉपची तिन्ही मिनिटं झाली. श्वास घेतला की ४.९, सोडला की ५.२. मी कॉम्प्युटरकडे बघत होते आणि आकडे माझ्या श्वासाबरोबर हलत होते. मास्कमध्ये डोळे भरून आले, खरंच सांगते.

हवेचा खर्च पहिल्यांदा मोजला तेव्हा २५ आला होता. गेल्या आठवड्यात १८.

सगळं सुरळीत झालं असं नाही. सातव्या डाइव्हला परतीची दिशा चुकली, कंपास मनगटावर होता आणि मी वाचत होते, पण डोळ्यांवर विश्वास ठेवून त्याच्या उलट गेले. आम्ही वर आलो तर बोट बरीच लांब. लॉगबुकात 'निर्णय' या ओळीत तेच लिहिलं: वळायचा निर्णय माझा, चुकीचा, वर यायचा निर्णय बडीचा, बरोबर. त्यामुळे आता नॅव्हिगेशन शिकायचंय, आणि ते का शिकायचं हे मला माहीत आहे. अ‍ॅडव्हान्स्ड पुढच्या महिन्यात, दोघी एकत्र. तिच्याशी बोलून ठरवलंय की खोल डाइव्ह सगळ्यात शेवटी ठेवा असं इन्स्ट्रक्टरला सांगायचं.

कासव

जललहरी, ही नोंद मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे, तुमची हरकत नसेल तर. इन्स्ट्रक्टरला हेही सांगा की नॅव्हिगेशनच्या डाइव्हला कंपासवर पोहायचा चौकोन पूर्ण झाला की लगेच वर न येता आणखी एकदा तोच चौकोन, यावेळी बडीने कंपास धरून. चांगला इन्स्ट्रक्टर आनंदाने करेल.

जललहरी

हरकत कसली, जरूर दाखवा. आणि चौकोनाचं नक्की सांगते.

मुंगी

मीही ८ वरून साडेपाचवर आलेय! एक शंका: पुढच्या आठवड्यात पहिल्यांदाच गोड्या पाण्यात, एका तलावात डाइव्ह आहे. सूट तोच, टाकी तशीच. साडेपाचच ठेवू का?

खोलवर

नाही, कमी करा. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांच्या आसपास जड असतं, त्यामुळे समुद्रात उठाव जास्त मिळतो, तलावात कमी. तुम्ही, टाकी, सूट, शिसं सगळं मिळून ८५ किलो धरलं तर फरक दोन किलोंच्या थोडा वर. साडेतीनने सुरुवात करा, पहिली डाइव्ह उथळ ठेवा, जास्तीचं एक किलो काठावर हाताशी असू द्या. पण तलाव थंड असतात. जाड सूट घालायची वेळ आली तर हे गणित बदलेल, तेव्हा काठावरच परत तपासा, आणि आकडा लिहून ठेवा.